नववीची सहा मुलं, दहावीचे नऊ पेपर

२६ फेब्रुवारी २०२४. रात्री साडेआठला कळव्याहून फोन आला. बोलणाऱ्या ताईंचा मुलगा दृष्टिहीन, दहावीला बसलेला. परीक्षा १ मार्चला सुरू होणार होती आणि ठरलेल्या लेखनिकाच्या घरच्यांनी त्याच दिवशी नकार कळवला होता. "बाई, तुमच्या नववीतलं कुणी मिळेल का हो? अक्षर कसंही असलं तरी चालेल." शेवटचं वाक्य त्या दोनदा म्हणाल्या.

मी एक मुलगा दिला. हुशार, मोत्यासारखं अक्षर. तीन दिवस कागदपत्रांची पळापळ झाली, केंद्रसंचालकांनी परवानगी दिली आणि तो पेपरला बसला. पण त्याने कुणासाठी मोठ्याने प्रश्नपत्रिका कधी वाचलीच नव्हती. मराठीच्या कृतिपत्रिकेत चौकटी आणि बाणांच्या आकृत्या असतात, त्या तोंडाने कशा सांगायच्या हे त्याला उमजेना. जास्तीचा वेळ मिळूनही परीक्षार्थीचं निबंधलेखन अर्धं राहिलं. त्याच्या आईने तक्रारीचा शब्द काढला नाही. उलट शेवटच्या पेपरला त्या माझ्या विद्यार्थ्यासाठी पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. मला त्या पुड्याकडे बघवेना. एका मुलाचे गुण आमची तयारी नव्हती म्हणून गेले होते.

त्या रात्री वहीत एक ओळ लिहिली : पुढच्या वर्षी जुलैपासून सुरुवात. ते वर्ष आता पार पडलं आहे. ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कुणा शिक्षकाला आपल्या नववीच्या मुलांना हे काम द्यावंसं वाटलं, तर निदान कागदपत्रांत तरी चाचपडावं लागू नये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दृष्टिहीन किंवा हाताने लिहू न शकणाऱ्या विद्यार्थ्याला बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक मिळतो. आपण सगळे त्याला 'रायटर' म्हणतो. परीक्षार्थी सांगतो, लेखनिक लिहितो. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणून दहावीच्या मुलांची सगळी भिस्त नववीच्या मुलांवर असते. तासाला २० मिनिटं वाढीव वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास आणि दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं.

आमच्या शाळेत समाजसेवा होत नव्हती असं नाही. गणपतीत तलावपाळीला निर्माल्य गोळा करायला मुलं जातात, उपवन तलावावर एकदा सफाई केली होती, दरवर्षी रद्दी जमवून वह्या घेतो. ही कामं चांगलीच आहेत. पण ती एका सकाळीत संपतात आणि पन्नासातली पाच मुलं आली नाहीत तरी काही अडत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं हा अनुभव एकदा यावा, असं मला फार वाटत होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गात विषय काढला. ५४ मुलांपैकी ३१ हात वर आले. "फेब्रुवारी-मार्चमध्ये नऊ पेपर, आणि त्याआधी दर शनिवारी सराव," म्हटल्यावर १९ उरले. घरी विचारून या, म्हटल्यावर ११.

२७ जुलैला, शनिवारी, त्या अकरा जणांच्या पालकांची सभा घेतली. बाहेर धो धो पाऊस होता, तरी नऊ घरांतून कुणी ना कुणी आलं. या सभेवर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते बहुतेक शाळांत हे काम इथेच थांबतं. मुलं तयार असतात. आईबाबांना धास्ती असते, आणि ती रास्त असते. पहिला प्रश्न एका बाबांनी विचारला : "माझ्या मुलाने चुकीचं लिहिलं आणि ते पोरगं नापास झालं, तर जबाबदार कोण?" दुसरा, नववीची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, मग याच्या अभ्यासाचं काय? क्लासवाले दहावीची व्हेकेशन बॅच लगेच सुरू करतात, तिच्या प्रवेश परीक्षेचं काय? एका आईने विचारलं, मुलीला परक्या शाळेत चार-चार तास एकटीला बसवणार, तिथे बाई असतील ना?

प्रत्येकाला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. जबाबदारीचं उत्तर मात्र दिलं : सराव पुरेसा झाला नाही तर मी स्वतः मुलाचं नाव मागे घेईन, आणि ते जानेवारीच्या आत. बुडालेले तास भरून काढायला गणिताच्या आणि विज्ञानाच्या सरांनी कबुली दिली होती, ते दोघेही सभेला बसले होते. त्यांचं बसणं माझ्या बोलण्यापेक्षा जास्त कामाला आलं. रिक्षा चालवणारे एक बाबा शेवटपर्यंत गप्प होते. उठताना म्हणाले, "बाई, पेपरच्या दिवशी न्यायचं-आणायचं माझ्याकडे." त्यांनी ते शेवटच्या पेपरपर्यंत पाळलं.

पैसे घ्यायचे नाहीत, हेही त्याच सभेत ठरवलं. काही ठिकाणी लेखनिकाला मानधन देतात आणि त्यात गैर काही नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या घरांची परिस्थिती पाहता ते नकोच, असं पालकांनीच सांगितलं.

ऑगस्टपासून दर शनिवारी साडेबारा ते दीड, शाळा सुटल्यावर, वाचनालयात सराव. पहिल्या दिवशी मी मुलांना जोड्यांनी बसवलं. एकाच्या डोळ्यांवर रुमाल, दुसऱ्याच्या हातात जुनी प्रश्नपत्रिका. दहाच मिनिटांत गोंधळ उडाला. वाचणारा भराभर वाचायचा, गुण सांगायचा नाही, बहुपर्यायी प्रश्नातले दोन पर्याय वाचून थांबायचा, कारण उत्तर त्याला दुसऱ्याच पर्यायात दिसलेलं असायचं.

मग हळूहळू आमचे नियम ठरत गेले. प्रश्न दोनदा वाचायचा, गुणांसकट. पर्याय सगळे आणि एकाच सुरात. आकृती आली की आधी तिचं रूप सांगायचं : "मध्ये एक गोल आहे, त्यातून चार बाण निघतात, चार चौकटी आहेत, वरची चौकट भरलेली आहे, तिच्यात असं असं लिहिलंय." परीक्षार्थी सांगेल तसंच लिहायचं. "नक्की का?" हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

गणित सगळ्यांत अवघड गेलं. नववीच्या मुलांना वर्गसमीकरणाचं सूत्र ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक नसावं हाच नियमाचा हेतू आहे. पण न शिकलेलं सूत्र बिनचूक वाचायचं आणि लिहायचं कसं? "वर्गमूळात बी वर्ग वजा चार एसी" असं वाचलं तर वर्गमूळ कुठे संपलं हे ऐकणाऱ्याला कळत नाही. शेवटी एका मुलीने तोडगा काढला : "वर्गमूळ सुरू, बी वर्ग वजा चार एसी, वर्गमूळ संपलं, सगळ्याखाली रेघ, रेघेखाली दोन ए." आमच्याकडे आता तेच चालतं. बालभारतीच्या संकेतस्थळावर दहावीची सगळी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. ती घेऊन मुलांनी दर आठवड्याला एक धडा मोठ्याने वाचला. अर्थासाठी नव्हे, जीभ अडखळू नये म्हणून.

एक गोष्ट माझ्या अंदाजाच्या अगदी उलट निघाली. वर्गात पहिल्या येणाऱ्या दोन मुलांना हे काम जमेना. उत्तर येत असूनही गप्प बसणं त्यांना फार जड जायचं. ती दोघं ऑक्टोबरमध्ये आपणहून बाजूला झाली आणि मुलांसाठी सरावाचे पेपर काढू लागली, ते त्यांनी उत्तम केलं. लेखनिक म्हणून टिकली ती मधल्या बाकांवरची, एरवी कुणाच्या नजरेत न येणारी मुलं. अक्षर सुवाच्य, आवाज स्वच्छ, हजेरी चोख, आणि घाई नाही. दिवाळीपर्यंत अशी सहा जणं उरली.

परीक्षार्थी तिघं होते. दोन मुली आणि एक मुलगा, वेगवेगळ्या शाळांतले. त्यांची-आमची गाठ दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच घालायची होती, पण विधानसभेच्या निवडणुकीत २० नोव्हेंबरला मतदान होतं, मला आणि आणखी काही शिक्षकांना ड्युटी लागली होती, आधी दोन प्रशिक्षणं. ते दहा-बारा दिवस हातचे गेले. निवडणुकीचं वर्ष असेल तर हा वेळ आधीच वजा धरा.

३० नोव्हेंबरला तिघं आमच्या वाचनालयात आले. माझी मुलं आदल्या दिवसापासून घाबरलेली. पांढरी काठी घेतलेल्या माणसाला हाताला धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं आणि त्याला धरू द्यायचं, जिना आला की आधी सांगायचं, हे सगळं मी घोकून घेतलं होतं. प्रत्यक्षात त्या दोघींपैकी मोठी आत येताच म्हणाली, "किती जण आहात? नावं सांगा, आवाज ओळखून ठेवते." पाच मिनिटांत ती सगळ्यांची 'ताई' झाली. आमच्यापेक्षा एकच इयत्ता पुढे, पण सरळ ताई.

जोड्या त्यांनीच लावल्या. आवाज ऐकून, एकेक परिच्छेद वाचून घेऊन. मी लावल्या असत्या तर वेगळ्या लावल्या असत्या आणि चुकले असते.

डिसेंबरमधला एक शनिवार मी विसरणार नाही. ताई इतिहासाचं उत्तर सांगत होती आणि माझी विद्यार्थिनी लिहीत होती. उत्तर चुकत होतं. मुलगी काही बोलली नाही, लिहीत राहिली, सगळे नियम पाळले. ताई मध्येच थांबली. म्हणाली, "माझं चुकतं तेव्हा तू श्वास रोखतेस. मला ऐकू येतं. तिथे पेपरला असं केलंस तर मी उत्तर बदलीन, आणि मग ते माझं राहणार नाही. रोखू नकोस ना."

वाचनालयात सगळे गप्प झाले. माझ्या मुलीचे डोळे भरले. मलाही काय बोलावं सुचलं नाही. चार महिने मी शब्दांचे नियम शिकवत होते, श्वासाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. पुढचे सगळे शनिवार त्या मुलीने चुकीची उत्तरं मुद्दाम लिहून घेण्याचा सराव केला. ताई खोटंच काहीतरी सांगायची आणि ही लिहायची, सारखा श्वास ठेवून.

आता कागदपत्रं. प्रस्ताव परीक्षार्थीची शाळा करते आणि तो विभागीय मंडळाकडे जातो. आपल्या भागाचं मंडळ वाशीला आहे. परीक्षार्थीचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र त्यांची शाळा जोडते. आमच्याकडून प्रत्येक लेखनिकासाठी बोनाफाईड, आधारची झेरॉक्स, आठवीचं प्रगतिपत्रक, पालकांचं संमतिपत्र, मुख्याध्यापकांचं पत्र आणि दोन फोटो मागितले. दरवर्षीचं परिपत्रक निघालं की तेच प्रमाण माना, माझी यादी नुसती पूर्वतयारीला घ्या.

आमचा पहिला संच १६ डिसेंबरला दिला, तो दुरुस्तीसाठी परत आला. चुका आमच्याच होत्या. बोनाफाईडवर शैक्षणिक वर्ष घातलं नव्हतं. फोटोवर शिक्का मारला होता, पण तो अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर यायला हवा, तसा आला नव्हता. आणि एका मुलाचं आडनाव आधारवर एक आणि शाळेच्या रजिस्टरवर दुसऱ्या स्पेलिंगचं. त्यासाठी मुख्याध्यापिकाबाईंचं वेगळं पत्र जोडलं. पुन्हा सगळं नाताळनंतर दिलं. ट्रान्सहार्बरने ठाणे-वाशी अशा माझ्या एकूण तीन खेपा झाल्या, दोन एका परीक्षार्थीच्या शाळेच्या लिपिकांबरोबर. ते गृहस्थ दर वेळी फाइलची पोच घ्यायचे, तारखेसकट. ही सवय मी त्यांच्याकडून उचलली.

सगळ्यांत महत्त्वाचं : राखीव लेखनिकाचं नावही प्रस्तावातच घाला. आम्ही प्रत्येक परीक्षार्थीला एक मुख्य आणि एक राखीव अशी सहा नावं दिली होती. ते का, हे पुढे येईल.

मग वाट बघणं. संक्रांत गेली, प्रजासत्ताक दिन गेला. मुलं दर सोमवारी विचारायची, "बाई, आलं का?" ७ फेब्रुवारीला मंजुरीपत्रं हातात पडली. परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होणार होती. दोन आठवडे राहिले होते, म्हणजे मागच्या वर्षीपेक्षा फारच बरं. त्याच आठवड्यात केंद्रावर जाऊन केंद्रसंचालकांना भेटून आले आणि एकच विनंती केली, दोन लेखनिक एका खोलीत नकोत. दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले की दोन्ही परीक्षार्थींचं नुकसान होतं. त्यांनी शाळेची प्रयोगशाळा आणि चित्रकलेची खोलीसुद्धा दिली. आधी सांगितलं म्हणून जमलं, पेपरच्या सकाळी सांगितलं असतं तर कुठून देणार?

२१ फेब्रुवारी, मराठीचा पेपर. कॉपीमुक्त अभियानामुळे फाटकावर तपासणी कडक होती. माझ्या मुलांचेही खिसे तपासले. एकाने घाबरून पाण्याच्या बाटलीवरचा कागदही सोलून टाकला. पेपर ११ ला सुरू, वाढीव वेळ धरून सुटायला तीन वाजून गेले. मी बाहेर नीमच्या झाडाखाली पालकांबरोबर उभी. आमच्याकडून एक राहून गेलं होतं : इतर मुलं दोनला बाहेर येतात, ही तीननंतर, आणि सकाळी नऊला जेवून निघालेल्या पोरांना मधे काही नाही. दुसऱ्या पेपरपासून त्यांना आत जाण्याआधी फाटकापाशी पोटभर डबा खायला लावायचो, लेखनिकाला आणि परीक्षार्थीलाही. लिहिणाऱ्याचा हात चौथ्या तासाला फार दुखतो. जेलपेन नको, हलकं बॉलपेन द्या.

इंग्रजीच्या पेपरनंतर तीच मुलगी, श्वासवाली, बाहेर आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "बाई, मला येत होतं. ॲक्टिव्ह-पॅसिव्हचं वाक्य होतं. आपण नववीत केलंय. ताईने चुकीचं सांगितलं आणि मी तसंच लिहिलं." मी तिला जवळ घेतलं. ताई मागेच उभी होती, आईचा हात धरून. तिने ऐकलं. म्हणाली, "चुकलं का ते? जाऊ दे, एका मार्काचं होतं. पण तू श्वास नाही रोखलास हं आज." मग दोघीही हसल्या, डोळे पुसत.

विज्ञान भाग २ च्या सकाळी, साडेआठला, परीक्षार्थी दादाच्या लेखनिकाच्या आईचा फोन. मुलाला १०२ ताप. राखीव मुलगा घरीच होता, कारण पेपरच्या दिवशी राखीव मुलांनी दहापर्यंत तयार राहायचं असं ठरलं होतं. रिक्षावाल्या बाबांनी त्याला वाटेत घेतलं. केंद्रावर त्याचं मंजुरीपत्र आणि ओळखपत्र दाखवलं, एक अर्ज लिहून दिला, वीस मिनिटांत काम झालं. प्रस्तावात नाव नसतं तर त्या मुलाचा पेपर कसा झाला असता, याचा विचार आजही नको वाटतो.

भूगोलात नकाशाच्या प्रश्नाला दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पर्यायी प्रश्न असतो. तो वाचायला विसरू नका, असं मुलांना बजावून ठेवा, कारण घाईत डोळा सरळ नकाशाकडे जातो. १७ मार्चला तो पेपर झाला आणि परीक्षा संपली. पंचवीस दिवस. त्या दिवशी कुणी भाषण केलं नाही. सगळ्यांनी मिळून तलावपाळीवर भेळ खाल्ली. ताईला विचारलं कुठे बसायचं, तर म्हणाली, जिथे पाण्याचा वारा लागतो तिथे.

खर्चाचं सांगायचं तर फोटो, झेरॉक्स, फाइली, माझ्या वाशीच्या खेपा आणि मुलांचा खाऊ मिळून २,८०० रुपयांच्या आसपास गेले. त्यातले दीड हजार शाळेने दिले. रिक्षाचे पैसे त्या बाबांनी घेतलेच नाहीत. मुलांचे बुडालेले तास मार्चअखेरपर्यंत शनिवारी भरून काढले. सहापैकी एका मुलाचे वार्षिक परीक्षेत गणितात गुण कमी झाले. ते याच्यामुळेच की नाही, हे मला सांगता येणार नाही, पण त्याच्या पालकांना मी आपणहून भेटून आले. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

निकाल १३ मे रोजी लागला. दुपारी ताईचा फोन आला, पण मला नाही. तिने आधी आपल्या लेखनिकेला फोन केला होता, माझा नंबर नंतर लावला. तिघंही पास. इंग्रजीचे गुण तिने मला सांगितले नाहीत आणि मीही विचारले नाहीत.

शाळा उघडून तीन आठवडे झालेत. माझी सहाही मुलं आता दहावीत, म्हणजे लेखनिक होता येणार नाही. पण गेल्या शनिवारी चौघं आपणहून वाचनालयात आली आणि नव्या नववीला "वर्गमूळ सुरू, वर्गमूळ संपलं" शिकवत बसली. घणसोलीहून आणि कळव्याहून असे दोन पालकांचे फोन येऊन गेलेत. दोघांनाही सांगितलं आहे : शनिवारी साडेबाराला मुलांना घेऊन या, जोड्या मुलांनाच लावू द्या, आणि येताना बीजगणिताचं पुस्तक आणा.